वालाचं पथ्य

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून खाट आवळली. सुतळीची खाट, तिला पार झोळ पडला होता. मी पायथ्याला बसून दोरी ओढायची, भागानं ती मुठीत गच्च धरायची, मग मी पुढच्या वेढ्याला हात घालायचा. हे काम एकट्याच्यानं होत नाही. अंगणात ऊन आलं होतं तरी अंगातली थंडी गेली नव्हती, आणि भागाचं तोंड चालू होतं.

"ओढा की नीट. रेल्वेतनं रिटायर झाला, हात बी रिटायर झालं काय?"

"तू धर आदी. तुज्याकडनंच सुटते."

"माज्याकडनं काय सुटत नाय. लगीन झाल्यापून धरूनच हाय मी."

दोरी ताणून झाली, मी गाठ मारली. भागानं खाटेवर हात थापटून बघितला. "कडक झाली. जरा पाठ टेकते," म्हणाली. मी हात धुवायला मोरीवर गेलो. परत आलो तर तिचा एक हात खाटेखाली लोंबत होता आणि डोळे उघडे होते. हाका मारल्या, हलवलं. काही उपयोग नव्हता. लोक म्हणतात, चांगलं मरण आलं. असेल. मला एवढंच कळत नाही की जायचंच होतं तर बाई दोरी ताणायला कशाला बसली.

हे याच हिवाळ्यातलं आहे. भात झोडून झालं होतं आणि ओल्या रानात टाकलेला वाल फुलावर आला होता. आता शेंगा भरल्यात. आमच्या पोशीरकडं भातामागून सगळीकडं वाल. त्याला पाणी द्यावं लागत नाही, जमिनीतली ओल आणि वरचं दव यावर वाढतो. सकाळी बांधावरून चाललं की पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो, आणि त्या ओल्या पाल्याला एक हिरवट, कडवट वास येतो. लोकांना तो वास आवडतो. मला तो आला की छातीत काहीतरी खाली बसतं. असाच वाल रानात असताना, आणीबाणीच्या दिवसांत, आमची सुजाता त्याच खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती.

सुजाता आमची एकुलती एक. आम्ही धम्म घेतला त्यानंतर जन्मली, म्हणून हे नाव. घरात सुजी. आमच्या वाडीत मॅट्रिक झालेली पहिली पोरगी. मी स्वतः चौथी. घाटात गँगमन होतो, ठाकुरवाडीच्या बाजूला. आयुष्य खडी मारण्यात गेलं, तेव्हा पोरीच्या हातात खडू यावा अशी हौस होती. मास्तरणीच्या कोर्सला घातली, तिथंच राहायची. दिवाळीला घरी आली ती परत गेली नाही. आधी म्हणाली डोकं दुखतं. मग म्हणाली झोप लागत नाही. मग काहीच म्हणेना. जेवायला वाढलं तर ताटाकडं बघत बसायची, भात गार व्हायचा.

"सुजे, उठ गं. केस तरी इंचर," भागा म्हणायची.

"इंचरून काय करू?"

हे ती चिडून बोलली नाही, हट्टानं बोलली नाही. खरंच विचारत होती. भागा फणी हातात घेऊन तशीच उभी राहिली. आजही कुणी विचारलं की केस का विंचरायचे, तर मला नीट सांगता येणार नाही. आपण विंचरतो, झालं. ज्याला असं विचारावं लागतं त्याची पुढची प्रत्येक गोष्ट किती जड होत असेल, हे तेव्हा आम्हाला कळलं नाही. आम्हाला वाटलं, पोरगी आळशी झाली.

शेजारपाजारचे येऊन बसायचे. एक म्हणाला, कोर्सला कुणी पोरगा असेल. दुसरा म्हणाला, खालापूरकडं, लोधिवलीच्या पुढं एक भगत आहे, उतारा चांगला देतो. भागानं त्याला तिथंच तोडलं. "आमी देव नदीत सोडलं, आनि आता भगत घरात घेऊ?" पण तो गेल्यावर चुलीपाशी मला हळूच म्हणाली, "अवो, पन ते सगळं सोडल्यावर आपल्याकडं उरलं काय?"

मी म्हणालो, "डॉक्टर."

रेल्वेच्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. वयानं सुजीहून जरा मोठ्या, एवढ्याच. दार लावून पोरीशी एकटीशी बोलल्या. मग आम्हाला आत घेतलं. "हा आजार आहे," म्हणाल्या. "मनाचा असला तरी आजारच. मुलगी आळशी नाही आणि वेडीही नाही. गोळ्या देते. ताप उतरतो तसा लगेच गुण दिसणार नाही, काही आठवडे जातील. तोंडाला कोरड पडेल, पेंग येईल. घाबरू नका."

भागानं विचारलं, "पथ्य काय?"

"पथ्य काही नाही. सगळं खाऊ दे."

"वाल, वांगं, सुकट?"

"सगळं."

भागा बाहेर आली ती तोंड पाडून. स्टेशनच्या बाकड्यावर बसल्यावर म्हणाली, "बिनपथ्याचं कसलं औषिद? पोरसवदा हाय ती डॉक्टरीण. सांगायची इसरली."

आता शिकलेली माणसं हसतील. पण आमच्याकडं औषध म्हणजे पथ्य. कावीळ असो, मोडलेलं हाड असो, नाहीतर बाळंतपण. काय खायचं नाही हे आधी ठरतं, पाला-पुडी त्याच्यामागून येते. औषध पोटात गेलं की त्याच्या वैऱ्याला पोटात जाऊ द्यायचं नाही, नाहीतर औषध मरतं. आणि वाल हा औषधाचा पहिला वैरी, असं भागाची आई सांगायची. आम्ही देव सोडले, उपास सोडले, अंगारा सोडला. पथ्य सोडा असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते घरात राहिलं.

मग भागानं आपल्या मनानंच पथ्य बांधून दिलं. वाल बंद, वांगं बंद, सुकट बंद, आंबट बंद. या दिवसांत आमच्या घरात वाल बंद म्हणजे चूलच बंद. सकाळी बिरडं, रात्री शेंगांचं कालवण, पाहुणा आला तर तेच दाट. आम्ही ते खायचो आणि सुजी समोर बसून दूधभात चिवडायची. गोळीनं तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

"आये, चिंच दे गं एवडीशी. तोंडात थुकी बी नाय."

"आंबट नाय. पानी पी."

पोरगी पाणी प्यायची. भांडायला तरी अंगात जोर लागतो.

गोळी लागू कधी पडली ते मला सांगता येणार नाही. थंडीत रूळ आखडतो. सांध्यातली फट मोठी होते. पहाटे आम्ही ते बघत चालायचो, हातात हातोडी, तोंडातून वाफ. ऊन चढलं की ती फट कमी होते, पण कमी होताना कुणाला दिसली नाही. दुपारी परत येताना बघावं तर झालेली असते. तसंच हे. एक दिवस ड्युटीवरून आलो तर सुजी खाटेवर उठून बसलेली, भिंतीकडं पाठ. मग एकदा तिनं कोंबडीला हाकललं. मग एकदा माझ्याकडं बघून म्हणाली, "बाबा, बूट भायेर काडा, चिखल हाय." भागा चुलीत फुंकर मारायच्या निमित्तानं खाली वाकली आणि बराच वेळ वर झाली नाही.

त्याच दिवसांत शेजारच्या पोरींनी शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ भरायचं, तोंडाला परत पाला कोंबायचा, मडकं शेतात उपडं घालायचं आणि वरून पेंढा-काटक्या पेटवायच्या. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. तो वास वाऱ्यावर सगळ्या वाडीत फिरतो. सुजीला हाक आली आणि ती गेली. आपल्या पायानं उठून गेली. परत आली तेव्हा गालाला काजळी, ओढणीला धूर, आणि हसत होती.

भागानं तिचा हात धरून हुंगला. "वाल खाल्लास?"

"खाल्ला. लय बरं लागलं गं आये."

भागाचं तोंड उतरलं. पोरीला काहीतरी बरं लागलं, हे आम्हाला ऐकूच आलं नाही. वाल खाल्ला, एवढंच ऐकू आलं.

भागाचं म्हणणं असं की औषध मेलं. मेलेल्या औषधावर परत औषध घातलं तर अंगावर उलटतं. वालाचा हंगाम सरू दे, अंगातला वाल उतरू दे, मग नव्यानं सुरू करू. तिनं गोळ्या फळीवर वर ठेवून दिल्या. सुजी म्हणाली, "मला आता बरंच हाय, नको मला गोळी." मलाही ते पटलं. आमचं तिघांचं एकमत फार कमी वेळा व्हायचं. त्या वेळी झालं.

पहिले काही दिवस चांगले गेले. पथ्य संपलं म्हणून पोरगी पोटभर जेवत होती. भागा म्हणायची, बघा. मग ताटातला भात परत गार व्हायला लागला. फणी कोनाड्यात तशीच राहिली. शेंगा वाळून खडखडायला लागल्या होत्या, काढणी तोंडावर आली होती, आम्ही कामात होतो. एका दुपारी मी ड्युटीवरून आलो तर भागा शेतातून धावत येत होती. "सुजी हाय का घरात? हाय का?" खाट रिकामी होती.

आम्ही नदीकडं पळालो. का नदीकडंच, ते दोघांपैकी कुणी बोललं नाही.

काठावरच्या खडकावर सुजी बसली होती. तिच्या शेजारी डोंगरावरच्या वाडीतली एक ठाकरीण, वाळकी, वयस्कर. लाकडांची मोळी तिनं बाजूला टाकली होती आणि सुजीचं मनगट हातात धरून ठेवलं होतं. मला बघून म्हणाली, "तुजी पोर का रं दादा?"

"माजी."

"मी लाकडं घेऊन बाजारात चालले व्हते. ही पान्याकडं बघत व्हती. मला तिचं बघनं बरं नाय वाटलं. म्हून बसले."

"काय बोलली का ती?"

"ती कशाला बोलतेय? मीच बोलले. माज्या बकरीला दोन पोरं झाली, त्याचं सांगत व्हते."

तिचा बाजार चुकला होता. मी मोळी उचलून द्यायला पुढं झालो तर ती म्हणाली, "लाकडं कुटं पळत नायत. आदी पोरीला धर." भागानं पोरीला धरल्यावरच तिनं मनगट सोडलं. तिचं नाव विचारायचं राहिलं. नंतर भागा कित्येक बाजार तिला शोधत फिरली. मोळीवाल्या बायांच्या तोंडाकडं बघायची. सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंपुढं भागानं सगळं आपणच सांगितलं. पोपटीचं, औषध मेल्याचं, फळीवर ठेवल्याचं. मला वाटलं, आता बाई फाडून खातील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मावशी, वालानं ही गोळी मरत नाही."

"मरत नाय?"

"नाही. पण पथ्याशिवाय तुम्हाला औषध औषध वाटत नाही ना? मग घ्या, देते पथ्य. मला विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. बरं वाटलं तरी नाही. बरं वाटलं तर मुळीच नाही."

"एवडंच?"

"एवढंच. वांगं सोडण्यापेक्षा हे अवघड आहे."

भागाला ते पटलं, अवघड होतं म्हणूनच पटलं असणार. त्या दिवसापासून रोज सकाळी पहिलं काम ते. ताप असो, पाऊस असो, घरात लग्न असो. सुजीला पुढं बरं वाटलं, राहिलेला कोर्स पुरा केला, शेजारच्या गावात शाळेवर लागली. मधूनमधून परत खाली गेली, गोळी वाढली, कमी झाली, एकदा बदलली. लोक विचारतात, आजार गेला का? गेला नाही. आमच्यात राहतो. काही दिवस ओसरीवर बसतो, काही दिवस आत येतो. दमायला होतं. सुजीला दमायला होतं ते वेगळं, तिचं तिला ठाऊक. आमचं दमणं म्हणजे रोज सकाळी तिच्या तोंडाकडं बघून दिवस कसा जाणार ते ताडायचं. भागा आणि मी पाळीपाळीनं बघायचो. आता पाळी माझ्या एकट्याची.

तिला बघायला एक पाहुणे आले होते. चहा झाला आणि पोराच्या आईनं विचारलं, "पोरगी गोळ्या खाते म्हनं. ठान्याला नेली व्हती का काय?" ठाण्याला नेणं म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात नेणं, हे आमच्याकडं पोरासोरांना माहीत आहे.

भागा म्हणाली, "नाय नेली. पन तुमचा पोरगा काय खातो ते आमी इचारलं का? तंबाखूचा वास हितपर्यंत येतोय."

पाहुणे बशीतला चहा तसाच ठेवून उठले. मी कपाळाला हात लावला. आतून सुजीचं हसणं ऐकू आलं, मोठ्यानं, दम लागेपर्यंत. लग्न नंतरही जमलं नाही. त्याचं वाईट वाटतं का? वाटतं. पण ते हसणं मी दुसऱ्या कशाशी बदलून घेतलं नसतं.

काल शेजाऱ्यांनी पोपटीच्या शेंगा आणून दिल्या. भागा गेल्यानंतरच्या पहिल्या. सुजीनं चार सोलल्या, दोन खाल्ल्या, बाकीच्या झाकून ठेवल्या. रात्री तिचे डोळे सुजलेले दिसतात. आईसाठी रडते की तो आजार परत आत आलाय, हे कसं ओळखायचं? मी आडपडदा ठेवला नाही, विचारलंच. "सुजे, हे दुख हाय का दुखनं?"

तिनं विचार केला. मग म्हणाली, "बाबा, मलाबी कळत नाय."

एवढं खरं मला दुसरं कुणी सांगत नाही. बाकीचे येतात आणि म्हणतात, काळ गेला की सगळं ठीक होतं. काळ तर घाटातल्या गाड्यांसारखा जातोच आहे, त्यात ठीक करायचं काम कोण करतं ते कुणी सांगत नाही. आमच्या घरात ते भागा करत होती. ती गेल्यावर हे काम कुणाचं, हा प्रश्न मला सुजीच्या रडण्याआधी पडला. कुणाला हे ऐकून राग येईल. येऊ दे.

ती गेली त्या दिवशी भागाला संध्याकाळच्या आत पोचवून आलो होतो. घर माणसांनी भरलेलं. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. सुजी दाराशी बसून होती, रडत नव्हती. भागाची धाकटी बहीण तारा मला म्हणाली, "दाजी, पोर कोंडून घेतेय. तिला रडवा." मी कसा रडवणार? मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, आणि मला नदीचा काठ दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. उजाडत होतं. पाण्याच्या हंड्याजवळ गोळ्यांचं पाकीट होतं ते बघितलं, रिकामं. शेवटची गोळी भागानं काल सकाळी दिली होती, खाट आवळायच्या आधी. आज दवाखान्याचा वार होता. गोळ्या आणायला ती आणि सुजी जायच्या दोघी, त्यासाठी मी कधी गेलो नव्हतो. आमच्याकडं माती झाली की तिसऱ्या दिवसापर्यंत घरच्या माणसानं गाव सोडायचा नसतो. मी चपला घातल्या.

"दाजी, कुटं निगालात?" तारा उठून बसली.

"दवाखान्यात. सुजीच्या गोळ्या सरल्यात."

"आज? माज्या बायची राख बी थंड नाय झाली. मानसं येतील दारावर, काय सांगू त्यास्नी?"

"चा पाज."

"उद्या आना की. एका दिवसानं काय हुतंय?"

तिची बहीण मेली होती, आणि तिला ती नदी माहीत नव्हती. मी दाराशी जाऊन म्हणालो, "सुजे, चल." सुजी उठली. कालचीच साडी अंगावर होती. ओसरीवरची माणसं आमच्याकडं बघत राहिली. एक म्हातारा म्हणाला, "अरं, रीत काय हाय का नाय?" आम्ही वालाच्या बांधावरून नेरळ स्टेशनच्या रस्त्याला लागलो. पाय भिजले. ती पुढं, मी मागं.

दवाखान्याच्या खिडकीशी रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा कंपाउंडरनं माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. "आज मावशी कुठंयत?"

"काल गेली."

मग त्यानं पाकीट पुढं सरकवलं आणि दुसरीकडं बघायला लागला. मी ते सुजीच्या हातात दिलं. ती पाकिटाकडं बघत अंगणात उभी राहिली, ते फोडायचं कशाला असं विचारेल की काय, असं तिचं तोंड होतं. मी पाकीट परत घेतलं, एक गोळी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. अंगणात नळ होता. भांडं नव्हतं. भागा पिशवीत फुलपात्र घेऊन निघायची, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. मी नळ सोडला, दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि पोरीपुढं धरली. पाणी बर्फासारखं होतं आणि बोटांतून गळत होतं.

"घे लवकर. सांडतंय."

सुजीनं गोळी तोंडात टाकली आणि माझ्या हातांवर वाकली. निम्मं पाणी तिच्या साडीवर सांडलं.

"गेली का खाली?"

तिनं मान हलवली. नाही.

मी ओंजळ परत भरली.